विंड क्विंटेटचा समकालीन कार्यक्रम बसवताना : प्रकल्प नोंदी

९ जानेवारी

कार्यक्रम एकदाचा ठरला. पूर्वार्धात हंगेरियन संगीतकार ग्यॉर्गी लिगेटीच्या दोन रचना: १९५३ च्या ‘सहा बगॅटेल’ (छोटे तुकडे) आणि १९६८ चे ‘दहा तुकडे’. उत्तरार्धात आमच्यासाठीच लिहिली जाणारी नवी रचना, अंदाजे १८ मिनिटांची. वाद्यं विंड क्विंटेटची नेहमीची पाच: फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बसून. मी वाजवते ते बसून, म्हणजे खालच्या सुरांचं लांब लाकडी फुंकवाद्य.

नोंदी ठेवायचं कारण असं. विंड क्विंटेटच्या जुन्या संगीताबद्दल, म्हणजे राइखा किंवा डान्झी या संगीतकारांबद्दल काही अडलं तर विचारायला माणसं सापडतात. १९२२ साली नील्सन आणि हिंडेमिट या दोघांनी लिहिलेले क्विंटेट तर बहुतेक गटांच्या हातात बसलेले असतात. नव्या संगीताकडे वळलं की जो तो आपल्यापुरतं टिपून ठेवतो आणि पुढच्याला सगळं मुळापासून शोधावं लागतं.

व्हायोलिन, व्हिओला, चेलो एका कुळातले. त्यांचा सूर एकाच रीतीने सुरू होतो. आमच्याकडे फ्लूटचा सूर कडेवर फुटलेल्या फुंकरीतून येतो, ओबो-बसूनचा दुहेरी रीडमधून (रीड म्हणजे वेताची पातळ पट्टी), क्लॅरिनेटचा एकेरी रीडमधून आणि हॉर्नचा थेट ओठांतून. जुन्या संगीतात सुरावट हा फरक सांभाळून घेते. इथे मात्र पाच जणांनी मिळून एकच सूर शांततेतून वर आणायचा असतो. त्यामुळे पुढच्या बहुतेक नोंदी सूर कसा सुरू होतो आणि कसा संपतो याच्याच असतील, असं आत्ताच वाटतंय.

१३ जानेवारी

संगीतकाराशी लेखी करार. रचनेची लांबी, जोडवाद्यं (त्याच वादकाने मध्येच बदलून घ्यायची) कोणती चालतील, पहिला प्रयोग कोणाचा, त्यानंतर किती काळ फक्त आम्हीच वाजवायची, हे सगळं त्यात होतं. एक कलम आयत्या वेळी घालावं लागलं: स्कोअरमधून (सगळ्यांचं संगीत एकत्र लिहिलेली प्रत) पाचही वाद्यांचे पार्ट (ज्याची त्याची वेगळी पानं) कोणी तयार करायचे? हे काम वेळखाऊ असतं आणि पानं कुठे उलटायची हे ठरवण्यावर तालमीचं निम्मं सुख अवलंबून असतं. ते काम संगीतकाराकडे राहिलं, पण पार्ट छापण्याआधी आम्ही तपासणार असं ठरलं. कुणी नवी रचना लिहून घेणार असेल तर हे कलम विसरू नये.

१९ जानेवारी

बैठक. प्रेक्षकांकडून पाहिलं तर डावीकडून फ्लूट, ओबो, हॉर्न, बसून, क्लॅरिनेट असा अर्धगोल आम्ही नेहमी करतो. आज दुसऱ्या रचना करून पाहिल्या.

हॉर्न डाव्या टोकाला बसवला, तेव्हा सगळं बिघडलं. हॉर्नचं तोंड वादकाच्या उजव्या हाताला आणि मागे असतं. डाव्या टोकाला बसून आत वळलं की ते तोंड प्रेक्षकांकडे होतं. हळू वाजवलेला सूरही बाकीच्या चौघांवर चढला. उजव्या टोकाला उलटं होतं: तोंड मागच्या भिंतीकडे जातं, सूर भिंतीवर आपटून परत येतो, गोल होतो, पण किंचित उशिरा पोचतो. अखेरीस मध्यभागीच परतलो. फक्त हॉर्नच्या मागचा पडदा सरकवून लाकडी फळी उभी केली. पडदा सूर गिळतो, तर फळी तो लगेच आणि स्वच्छ परत देते. इतक्याशा बदलाने हॉर्नचे सुरुवातीचे स्वर बाकीच्यांबरोबर पडू लागले. आमची हॉर्नवादक गेली कित्येक वर्षं थोडं आधी वाजवून ही उणीव भरून काढत होती. आता तिला ते करावं लागत नाही.

काही रचनांत बैठक हा संगीताचाच भाग असतो. हॅरिसन बर्टविसलच्या १९९२ च्या ‘फाइव्ह डिस्टन्सेस’मध्ये पाचही वादकांनी शक्य तितकं दूर बसायचं असतं. आम्हाला तूर्त जवळच बसायचंय.

२७ जानेवारी

पार्ट आले. पूर्वार्धाचे भाड्याने घेतलेले आहेत, त्यामुळे खुणा फक्त मऊ पेन्सिलीने आणि परत करताना खोडून. टॅबलेटवर घेण्यासाठी प्रकाशकाची परवानगी मागितली. ती मिळेपर्यंत तालमी कागदावरच झाल्या, म्हणजे हा वेळ वाया गेला असंच म्हणायला हवं. परवानगीचा अर्ज पार्ट मागवतानाच करावा.

टॅबलेटचा आग्रह का? फुंकवाद्य वाजवताना दोन्ही हात अडकलेले असतात. जुन्या रचनांमध्ये पान उलटायला विराम मिळतो. इथे अख्ख्या पानभर विराम नसतो, किंवा विराम असतो तेव्हा शेजारी काय वाजवतोय ते पाहायचं असतं. पायाने दाबायची पट्टी घेतली तर थेट पूर्ण स्कोअरवरून वाजवता येतं.

पट्टीने सुरुवातीला बराच त्रास दिला. पाय जोरात पडला की दोन पानं पुढे. ओबोवादक ताल धरायला पाय हलवतो, त्याची पानं तर आपोआप उलटायची. उपाय दोन सापडले. पट्टी पायासमोर न ठेवता खुर्चीच्या बाहेरच्या बाजूला, घसरू नये म्हणून रबरी चटईवर ठेवली. आणि अर्ध्या पानाची सोय चालू केली: वरचं अर्धं पान पुढचं, खालचं अर्धं चालू. एखादी चूक झाली तरी सावरायला वेळ मिळतो. शिवाय प्रत्येकाच्या खुर्चीखाली कागदी पार्ट ठेवलेलाच असतो.

५ फेब्रुवारी

सूर मिळवणं. ओबोचा ‘ए’ हा स्वर घेऊन सगळ्यांनी आपापला ‘ए’ जुळवायचा, ही पद्धत आम्ही सोडली.

कारण साधं आहे. ‘ए’ जुळला म्हणून बाकी सूर जुळत नाहीत. प्रत्येक वाद्याचे काही स्वर जात्याच चढे, काही उतरे. शिवाय सुराची पट्टी बदलायची मुभा सगळ्यांना सारखी नसते. फ्लूटचं डोकं बाहेर ओढता येतं, क्लॅरिनेटचे सांधे थोडे उघडता येतात, हॉर्नच्या नळ्या सरकवता येतात. ओबोला फारशी जागा नाही. मला तर रीड बदलणं किंवा धातूची वाकडी नळी, म्हणजे बोकल, लांब-आखूड घेणं एवढंच हातात असतं. तेव्हा ज्यांना हलता येत नाही त्यांच्याकडे बाकीच्यांनी यायचं, असं ठरवलं. आधी बसून आणि ओबो ४४२ ला (‘ए’ची सेकंदाला कंपनं) एकमेकांशी मिळवतात. मग मी खालचा स्वर धरते, त्यावर हॉर्न पंचम लावते, मग क्लॅरिनेट, शेवटी फ्लूट. असं तीन-चार वेगळ्या स्वरांवर करतो.

तापमानाचं भान ठेवा. हवा एक अंश तापली की फुंकवाद्याची पट्टी अंदाजे ३ सेंटपर्यंत (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढू शकते. थंड खोलीत सुरुवातीला जुळवलेले सूर तासाभराने भलतीकडे गेलेले असतात. आता आम्ही आधी वीस मिनिटं वाजवतो आणि मगच जुळवतो.

१२ फेब्रुवारी

आज फ्लूट आणि क्लॅरिनेट दोघांनाच बसवलं. दिवसभरातलं सगळ्यात मोलाचं काम हेच झालं.

तक्रार अशी होती की एकत्र धरलेला लांब स्वर हळूहळू विरत गेला की शेवटी हमखास बेसूर होतो. दोघंही उत्तम वादक, एकेकटे वाजवतात तेव्हा काही खटकत नाही. समोर ट्यूनर, म्हणजे सूर मोजणारं यंत्र, ठेवल्यावर कळलं. फ्लूटचा श्वास कमी झाला की सूर उतरतो, जोर वाढला की चढतो. क्लॅरिनेटचं नेमकं उलटं: हळू होताना सूर चढतो, मोठा होताना उतरतो. म्हणजे दोघं एकाच वेळी विरायला लागले की एक खाली सरकतो, दुसरा वर, आणि मधली फट दोन्ही बाजूंनी रुंदावते. दोघांनीही ‘नीट ऐक’ म्हणून काही होणार नव्हतं.

मधल्या मार्गाने सुटलं. फ्लूटवादक विरताना हनुवटी किंचित वर घेऊन फुंकरीची दिशा उचलते. क्लॅरिनेटवादक जबडा सैल सोडतो, आणि ज्या स्वरांवर तेवढ्याने भागत नाही तिथे खालची एखादी किल्ली झाकून सूर उतरवतो. ते स्वर कोणते याची यादी दोघांच्या पार्टवर लिहिली. आणि मुख्य म्हणजे विरण्याचा क्रम ठरवला. पाचांपैकी क्लॅरिनेट एकटाच खऱ्या अर्थाने शून्यापर्यंत जाऊ शकतो. तेव्हा स्कोअरमध्ये सगळ्यांचा स्वर एकत्र संपतो असं लिहिलं असलं, तरी बाकीचे किंचित आधी, एकेक करून बाहेर पडतात आणि शेवटची सावली क्लॅरिनेटची राहते. ऐकणाऱ्याला सगळे एकत्र संपल्यासारखेच वाटतात.

१८ फेब्रुवारी

सुरुवातीचा प्रश्न शेवटापेक्षा अवघड निघाला, आणि त्यात माझं वाद्य सगळ्यात अडेल.

बसूनच्या अगदी खालच्या स्वरांना हळू सुरू करणं कठीण. एकतर स्वर उशिरा बोलतो, नाहीतर फुटल्यासारखा येतो. ओबोचंही तसंच: त्याचे तळाचे तीन-चार स्वर हळू येतच नाहीत. क्लॅरिनेट तिथे नुसता श्वास सोडला तरी सूर देतो. हॉर्नला वरच्या सप्तकात हळू सुरुवात म्हणजे जोखीम.

सरावासाठी एलियट कार्टरचे १९५० चे ‘एट एट्यूड्स अँड अ फँटसी’ घेतले. ते हॉर्नशिवाय चारच वाद्यांसाठी आहेत, पण आमच्या कामाला यांच्याइतकं उपयोगी काही सापडलं नाही. सातवा एट्यूड, म्हणजे सरावाचा तुकडा, आख्खा एकाच ‘जी’ स्वरावर आहे. तोच स्वर चौघं आळीपाळीने घेतात, वाढवतात, एकमेकांच्या हाती देतात. तिसऱ्यात नुसता डी मेजरचा कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर), त्यातले स्वर हलक्या हाताने एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जातात. हॉर्नवादक समोर बसून ऐकत होती. कोण कधी आत आलं हे तिला कळलं की ती हात वर करायची. हात वर गेला नाही तर जमलं.

त्यातून काढलेले नियम: हळू एकत्र सुरुवातीत इशारा ज्याचं वाद्य उशिरा बोलतं त्याने द्यायचा. म्हणजे खालच्या स्वरांत मी, तळाच्या ओबोत ओबोवादक. आधी फ्लूटवादक सवयीने सगळे इशारे द्यायची. तिचा सूर तत्काळ येतो, त्यामुळे मी कायम मागे पडायचे. आता मी श्वास घेते, रीडवर दाब येऊ देते आणि सूर बोलेल त्या क्षणी बाकीचे येतात.

बसूनच्या तोंडात पातळ रुमाल घालून पाहिला. खालचे स्वर मवाळ झाले, फक्त सगळ्यात खालचा ‘बी फ्लॅट’ गेला, तो धड लागेना. त्यामुळे तो स्वर जिथे आहे तिथे रुमाल नाही.

२६ फेब्रुवारी

बगॅटेल. हे तुकडे मुळात लिगेटीच्या पियानोवरच्या रचनेतून आलेले, पण क्विंटेटसाठी इतके नैसर्गिक आहेत की इतर कशासाठी लिहिले असतील असं वाटत नाही. १९५६ मध्ये बुडापेस्टला यांतले पाचच वाजवले गेले, सहाव्यातला कर्कशपणा तेव्हाच्या वातावरणात चालण्यासारखा नव्हता. सहाही एकत्र वाजले ते १९६९ मध्ये, स्वीडनमध्ये. सहावा वाजवताना हे मला नेहमी आठवतं आणि तो अजिबात गुळगुळीत करावासा वाटत नाही.

पहिल्यात चारच स्वर आहेत: सी, ई फ्लॅट, ई आणि जी. शुद्ध सुरांच्या हिशेबाने ‘ई’ पियानोपेक्षा १४ सेंट उतरा हवा आणि ‘ई फ्लॅट’ १६ सेंट चढा. त्या मोहात पडून आम्ही दोन्ही स्वर एकमेकांच्या जवळ ओढत बसलो. वेग वाढवताच सगळं गढूळ ऐकू यायला लागलं. दोन्ही स्वर पियानोच्या जागी ठेवले तेव्हा तुकड्याला धार आली. शुद्ध गंधारामागे लागायचं ते पाचव्या, संथ तुकड्यात. तो संगीतकार बार्टोकच्या स्मृतीला वाहिलेला आहे आणि तिथे सूर थांबून ऐकायला वेळ मिळतो.

चौथ्याचा सात मात्रांचा ठेका कुणालाच जड गेला नाही. पुढे.

८ मार्च

जोडवाद्यं. ‘दहा तुकडे’मध्ये फ्लूटवादकाला पिकोलो (छोटा, उंच सुराचा फ्लूट) आणि ऑल्टो फ्लूट (मोठा, खालच्या सुराचा) लागतात, ओबोवादकाला ओबो दामोर आणि इंग्लिश हॉर्न (दोन्ही ओबोचेच मोठे भाऊ). पिकोलो आणि इंग्लिश हॉर्न घरचे होते. बाकी दोन्ही भाड्याने. खर्चाच्या अंदाजात आम्ही फक्त कार्यक्रमाच्या आठवड्याचं भाडं धरलं होतं, ते पुरेसं नव्हतं. अनोळखी ऑल्टो फ्लूटवर सूर कुठे चढतो-उतरतो हे कळायलाच काही आठवडे जातात. अखेर पदरमोड करून दोन महिने आधीपासून घेतलं. ज्यांना ही रचना करायची आहे त्यांनी तेवढंच धरून चालावं.

दुसरी अडचण: स्टँडवर ठेवलेलं वाद्य गार पडतं आणि उतरतं. ऑल्टो फ्लूट तर जाड नळीचा, लवकर थंड होतो. आता फ्लूटवादक आधीच्या तुकड्यात विराम मिळाला की त्यात आवाज न करता गरम श्वास सोडत राहते. इंग्लिश हॉर्नचं रीड वाळतं, म्हणून पाण्याची छोटी डबी स्टँडलाच चिकटवली. दोन तुकड्यांमधलं अंतर वाद्य बदलण्यावर ठरतं, तेव्हा ही अदलाबदल संगीताइतकीच तालमीत घोटली. वाद्यं कुठल्या बाजूला, कुठल्या क्रमाने ठेवायची याचं चित्र काढून ठेवलंय.

१५ मार्च

‘दहा तुकडे’ची रचना समजली की सराव कसा वाटायचा ते कळतं. विषम क्रमांकाचे तुकडे गटाचे. सम क्रमांकांत एकेकाला पुढे काढलंय: दुसऱ्यात क्लॅरिनेट, चौथ्यात फ्लूट, सहाव्यात ओबो, आठव्यात हॉर्न, दहाव्यात बसून. छोटे कॉन्चेर्टोच म्हणायचे.

नवव्याबद्दल लिहायलाच हवं. तो पिकोलो, ओबो आणि क्लॅरिनेट या तिघांचा. तिघंही खूप वरच्या सप्तकात, मोठ्याने, एकमेकांच्या अगदी जवळच्या स्वरांवर. आमच्या कानांना वाटलं बेसूर आहे. तिघंही नकळत एकमेकांकडे सरकत गेले आणि तुकडा निष्प्राण झाला. मग लक्षात आलं की ती घासाघीस हेच इथलं संगीत आहे. दोन उंच सूर जोरात वाजले की त्यांच्या कंपनसंख्यांतल्या फरकाएवढा तिसरा, खालचा सूर कानात तयार होतो. २००० आणि २१०० कंपनांचे दोन सूर असतील तर १०० चा एक घुमारा ऐकू येतो, जो कुणीच वाजवत नाही. सूर जुळवले की तो घुमारा नाहीसा होतो. आता तिघं ट्यूनर समोर ठेवून, प्रत्येक जण आपला स्वर जिथल्या तिथे रोखून धरतात, शेजाऱ्याकडे जात नाहीत. पहिल्यांदा ते बरोबर लागलं तेव्हा आम्ही दोघी, हॉर्नवादक आणि मी, बाहेर बसलो होतो, आणि खोलीत कुणीतरी सहावा वाजवतोय असं वाटलं. या कामातला हा आनंद मी शब्दांत पकडू शकत नाही.

व्यवहाराची सूचना: कानात बोळे घाला, सलग वाजवू नका, आणि पहिले काही दिवस पिकोलोने हे एक सप्तक खाली वाजवावं.

२२ मार्च

संगीतकार तालमीला आली. मल्टिफोनिकचा दिवस, म्हणजे एकाच वाद्यातून एकाच वेळी अनेक सूर काढायचे. तिने प्रकाशित तक्त्यांवरून बोटांच्या जागा लिहून आणल्या होत्या. त्यांतल्या कितीतरी आमच्याकडे लागल्याच नाहीत.

कारणं वेगवेगळी. क्लॅरिनेटच्या बोम आणि ओहलर या दोन पद्धतींत किल्ल्या निराळ्या, एकीचा तक्ता दुसरीला चालत नाही. फ्लूटच्या किल्ल्यांना भोकं आहेत की नाहीत यावर बरंच ठरतं. ओबो आणि बसूनवर तर तीच बोटं, तेच वाद्य, आणि रीड बदलल्यावर वेगळाच सूर. हॉर्नवर प्रकारच वेगळा: एक स्वर वाजवायचा आणि दुसरा त्यातच गायचा.

मग तक्ते बाजूला ठेवले आणि उलटं काम केलं. प्रत्येकाने आपल्या वाद्यावर खात्रीने लागणारे मल्टिफोनिक वाजवायचे, फोनवर ध्वनिमुद्रण करायचं, शेजारी बोटांचं चित्र काढायचं. सोबत तीन गोष्टी लिहायच्या: किती हळू येतो, बोलायला किती वेळ घेतो, आणि जुन्या व नव्या दोन्ही रीडवर लागतो का. दोन्ही रीडवर न लागणारे सगळे कटाप. यादी निम्म्याहून लहान झाली, पण तिच्यातला प्रत्येक मल्टिफोनिक भरवशाचा. संगीतकार घरी जाताना म्हणाली, “अगं, हे मला लिहायच्या आधी मिळालं असतं तर!” पुढच्या गटांनी करार होताच ही यादी द्यावी, असं मी इथे ठळक लिहून ठेवते.

पाव स्वरांबाबत (अर्ध्या स्वराच्याही निम्मं अंतर) हॉर्नने सगळ्यांना मागे टाकलं. हॉर्नचा अकरावा हार्मोनिक (एकाच नळीतून नुसत्या ओठांनी निघणाऱ्या स्वरांतला अकरावा) मुळातच पियानोच्या दोन पट्ट्यांच्या जवळपास मध्यावर पडतो, ४९ सेंट उतरा. एरवी हात तोंडात घालून तो दुरुस्त करावा लागतो, इथे तसाच हवा होता. संगीतकाराने त्यावरच एक अख्खा भाग उभा केला.

१० एप्रिल

नवी रचना पूर्ण हातात. मधल्या भागात पाच जण पाच वेगवेगळ्या लयींत जातात आणि ठरलेल्या जागी भेटतात. भेटत नव्हतो.

पहिला उपाय सुचला तो कानात क्लिक, म्हणजे लयीचे ठोके, ऐकण्याचा. कागदावर बिनतोड. प्रत्यक्षात रीडवाल्यांना तो सहनच झाला नाही. कान बंद झाला की जबड्याच्या हाडातून येणारा आपलाच आवाज कवटीत घुमतो, बाकीचे चौघं ऐकू येत नाहीत. ओबोवादकाला आपला सूर लागलाय की नाही तेच कळेना. एकाच कानात घातला तर सूर डळमळू लागला. शेवटी उपकरणं परत केली. त्यांचं भाडं आणि जवळजवळ आठवडाभराच्या तालमी गेल्या.

चाललं ते असं: पूर्ण स्कोअर समोर, आणि प्रत्येकाच्या ओळीवर बारीक अक्षरांत शेजाऱ्याचे ओळखीचे स्वर. ‘हॉर्न दबलेला स्वर सोडते, मग दोन मात्रा, मग मी’ अशा खुणा. हे लिहायला एक शनिवार-रविवार गेला आणि त्याने पुढचे किती तरी तास वाचवले. भेटण्याच्या प्रत्येक जागी एकच जण इशारा देतो, त्याचं नाव लाल रंगात. बाकीच्यांनी मोजणं चुकलं असलं तरी तिथे उडी मारून यायचं, मागचं भरत बसायचं नाही.

दबलेल्या हॉर्नबद्दल एक. हाताने तोंड पूर्ण बंद केलं की हॉर्नच्या लांब, ‘एफ’ नळीच्या बाजूवर सूर अर्धा स्वर चढतो, म्हणून वादक अर्धा स्वर खालचं वाजवते. तयारीला क्षणभर लागतो. एका जागी तो क्षण दिलेलाच नव्हता. संगीतकाराने विनातक्रार एक-अष्टमांश विराम घातला.

२४ एप्रिल

श्वास. शेवटच्या पानावरचा कॉर्ड अर्धं मिनिट तरी धरायचा आहे. फ्लूटला हवा पुरत नाही. ओबोला उलट त्रास: हवा संपत नाही, आत साठून राहते आणि शिळी होते, तेव्हा आत घेण्याआधी बाहेर टाकावी लागते. ओबोवादकाला गालात हवा साठवून नाकाने श्वास घेता येतो, म्हणून त्याने अखंड धरायचं. फ्लूट आणि हॉर्न कधीही एकत्र सोडणार नाहीत. मी खाली आहे, माझं सोडणं लगेच कळतं, म्हणून क्लॅरिनेट वाढवेल त्या लाटेखाली मी श्वास घेते. श्वासाच्या खुणा आता स्वरांइतक्याच पक्क्या आहेत.

६ मे

पूर्ण कार्यक्रम सलग वाजवला. हॉर्नचे ओठ नव्या रचनेपर्यंत थकले. क्रम बदलला: ‘दहा तुकडे’ आधी, बगॅटेल त्यानंतर, मध्यंतर, नवी रचना. तालमीत वरच्या सप्तकाची जागा दिवसातून एकदाच पूर्ण ताकदीने. बाकी वेळी हलक्या आवाजात, बोटं आणि ताल पाहण्यापुरतं.

१९ मे

सभागृह. फळी सोबत नेली होती, ती लागलीच. इथली मागची भिंत दूर आहे. दिवे लागल्यावर मंच तापला आणि पट्टी ४४५ च्या पुढे गेली. मी लांब बोकल घातला, ओबोवादकाने रीड बदललं, बाकीचे आमच्याकडे आले. दिवे तालमीच्या सुरुवातीपासूनच पूर्ण चालू ठेवावेत अशी विनंती केली.

२२ मे

प्रयोग झाला. नवव्यातला घुमारा शेवटच्या रांगेपर्यंत पोचला, तिथे बसलेल्या संगीतकाराने सांगितलं. नव्या रचनेत दुसऱ्या भेटीच्या जागी क्लॅरिनेट एक मात्रा मागे होता, त्याने लाल खुणेवर उडी मारली आणि सगळे एकत्र आलो. शेवटचा कॉर्ड सुटला नाही.

आज पार्टमधल्या खुणा उतरवून घेतल्या, मग भाड्याचे पार्ट खोडून स्वच्छ केले. नव्या रचनेसाठी संगीतकाराला पाठवलेल्या दुरुस्त्या: हॉर्नचा विराम छापील स्कोअरमध्ये घालणे, बसूनचा तळाचा ‘बी फ्लॅट’ रुमालाशिवाय, अशी सूचना लिहिणे, शेवटच्या कॉर्डवर विरण्याचा क्रम देणे, क्लॅरिनेट सर्वांत शेवटी, मल्टिफोनिकच्या बोटांची चित्रं परिशिष्टात, सोबत ‘रीड व वाद्यानुसार पर्याय निवडावा’ ही ओळ. ऑल्टो फ्लूट सोमवारी परत.